लाट, लक्ष आणि परतफेड न मागणारं प्रेम

तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानमालेत सर्फिंग कुठून आलं, असा प्रश्न आजचा विषय वाचून काहींना पडला असेल. रास्त आहे. सर्फिंग म्हटलं की उन्हात रापलेली पोरं, रंगीत फळ्या आणि एखाद्या शीतपेयाची जाहिरात एवढंच आपल्या डोळ्यांसमोर येतं. पण या खेळाविषयी एक दावा गेली काही दशकं सतत केला जातो, आणि तो आपल्या क्षेत्रातला आहे. लाटेवर उभं राहिलं की मन वर्तमानात येतं, माणूस आतून बदलतो, निसर्गाशी त्याचं नातं जुळतं, असा तो दावा. 'माइंडफुलनेस' शिकवणारे तर हा दाखला हमखास देतात. आज आपण तो तपासू या. त्यात तथ्य आहे असं आमचं मत आहे. मात्र ते तथ्य जाहिरातीत दाखवतात तिथे सापडत नाही.

सुरुवात एका माणसापासून करू. टॉम ब्लेक, जन्म १९०२, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं मिलवॉकी हे गाव. म्हणजे समुद्रापासून कितीतरी दूर. मूल वर्षाचंही नव्हतं तेव्हा आई क्षयाने गेली, पुढे नातेवाइकांकडे वाढले, शाळा अर्धवट सुटली. १९२०मध्ये डेट्रॉइटच्या एका चित्रपटगृहात त्यांची गाठ ड्यूक कहानामोकू यांच्याशी पडली. कहानामोकू हे हवाईचे जलतरणपटू, अँटवर्पच्या ऑलिंपिकमधून सुवर्णपदकं घेऊन परतत होते. गाठ कसली, नुसतं हस्तांदोलन. पण त्या पोराने पोहणं मनावर घेतलं, दोनच वर्षांत दहा मैलांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, आणि १९२४मध्ये थेट हवाई गाठलं.

होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात तिथल्या जुन्या सरदारांच्या लांबलचक, जडशीळ लाकडी फळ्या पडून होत्या. कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. ब्लेक यांनी त्या स्वतःच्या हातांनी दुरुस्त केल्या. त्या कामातून त्यांना कल्पना सुचली: फळीला शेकडो भोकं पाडायची, लाकूड वाळू द्यायचं, आणि वरून पातळ लाकूड बसवून ती बंद करायची. पोकळ, हलकी फळी. १९३२ साली त्याचं पेटंट मिळालं. १९३५मध्ये त्यांनी फळीच्या बुडाला मोटारबोटीचं एक छोटं पातं लावलं. तोवर फळी लाटेवर आडवी घसरायची, वळवायची तर पाय पाण्यात घालून ओढावा लागायचा. आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक सर्फबोर्डाला तसं पातं असतं. म्हणजे माणूस हाताने विचार करणारा होता. शाकाहारी होता, गरजा फार थोड्या होत्या, उतारवयात बराच काळ गाडीतच राहायचा. शेवटी तो विस्कॉन्सिनला परतला आणि १९९४ साली तिथेच गेला.

तर या माणसाने विस्कॉन्सिनमधल्या एका खडकावर एक समीकरण कोरून ठेवलं आहे. दोन शब्द आणि मध्ये बरोबरचं चिन्ह. निसर्ग बरोबर देव. १९६९मध्ये त्यांनी एका सर्फिंगच्या मासिकात लाटेच्या आवाजाविषयी लेख लिहिला, त्यातही हाच विचार आहे.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला हे वाचून लगेच एक नाव आठवतं. स्पिनोझा. १६५६ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी अ‍ॅमस्टरडॅमच्या ज्यू समाजाने त्यांना बहिष्कृत केलं. पुढे भिंगं घासून, मोजक्या मित्रांच्या मदतीवर त्यांनी आयुष्य काढलं. 'देव अर्थात निसर्ग' हा त्यांचा प्रसिद्ध प्रयोग. त्यांचा 'एथिक्स' हा ग्रंथ ते गेल्यावर, १६७७ साली छापला गेला, कारण हयातीत तो छापणं धोक्याचं होतं. एकाने भूमितीच्या रीतीने प्रमेयं मांडत जिथे जाऊन पोचायचं, तिथे दुसरा शाळा सोडून, लाकूड तासत आणि लाटांवर घसरत पोचला, असं म्हणायचा मोह होतो. मोह आवरू या. समीकरण एकच असलं तरी त्याचा अर्थ काय लावायचा हे पुढे बघायचं आहे. स्पिनोझाचं एक प्रमेय तर आज आपल्याला फार उपयोगी पडणार आहे. ते शेवटाकडे.

आता तो जाहिरातीतला दावा. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात ताणतणावाच्या रुग्णांसाठी ध्यानाचा अभ्यासक्रम सुरू केला. आजची सगळी माइंडफुलनेसची चळवळ बव्हंशी तिथून निघाली. त्यांनी १९९४च्या पुस्तकात एका भित्तिचित्राचा उल्लेख केला आहे. पांढरी दाढी, वाऱ्यावर उडणारी वस्त्रं, आणि सर्फबोर्डावर उभे असलेले स्वामी सच्चिदानंद! हवाईच्या किनाऱ्यावर. खाली ओळ अशा आशयाची, की लाटा थांबवणं आपल्या हाती नाही, त्यांच्यावर तरंगायला मात्र शिकता येतं. चित्र गोड आहे. त्यातला विचारही टाकाऊ नाही. अ‍ॅलन मार्लाट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी व्यसनमुक्तीच्या कामात असाच दाखला वापरला: तल्लफ ही लाटेसारखी चढते, शिखराला पोचते आणि ओसरते, तिच्याशी झोंबू नका, ती बघत बघत पार करा. दारू सुटलेल्या माणसाला रात्री अकरा वाजता हे वाक्य आठवलं तर ते त्याला सावरू शकतं. त्याची थट्टा करू नये.

पण यात समुद्र कुठे आहे? त्या दाखल्यात लाट म्हणजे आपलीच भावना, आपलीच तल्लफ. समुद्र नुसता उपमेपुरता आला आणि गेला. आपल्या परंपरेलाही ही सवय आहे, हे कबूल करायला हवं. लाट ही पाण्याहून वेगळी नाही, तसा जीव ब्रह्माहून वेगळा नाही, हा दृष्टांत आपण इतक्यांदा ऐकला आहे, की प्रत्यक्ष लाट बघायची गरजच उरलेली नाही. आणि प्रत्यक्ष लाट बघायला गेलं तर गंमत अशी, की लाट म्हणजे पाणी नसतंच! खोल समुद्रात पाण्याचा कण एका वर्तुळात फिरून जवळजवळ जागच्या जागी येतो. पुढे सरकते ती ऊर्जा. त्यावर तरंगणारी बाटली वर-खाली होते, किंचित पुढेमागे होते, लाटेबरोबर पळत नाही. दृष्टांत त्यामुळे खोटा ठरतो असं नाही, दृष्टांताचं काम वेगळं असतं. पण आपण लाटेकडे न बघता लाटेविषयी बोलत होतो, एवढं मात्र खरं.

सर्फर लाटेकडे बघतो. त्याला बघावंच लागतं. आणि तो सर्वांत जास्त वेळ काय करतो ते ऐकलं तर आश्चर्य वाटेल. सर्फिंग करणाऱ्यांच्या वेळेची मोजमापं झाली आहेत. पाण्यात घालवलेल्या वेळापैकी निम्म्याच्या आसपास वेळ पालथं पडून हातांनी पाणी मारण्यात जातो. उरलेल्यातला बराचसा फळीवर बसून वाट पाहण्यात. प्रत्यक्ष लाटेवर उभं राहण्याचा वेळ साधारणपणे दहा टक्क्यांच्याही आत. म्हणजे तासाभरात पाचेक मिनिटं! छायाचित्रं फक्त त्या पाच मिनिटांची निघतात. 'मन वर्तमानात येतं' हेही त्या पाच मिनिटांविषयीच बोललं जातं. पण लाटेवर उभं असताना लक्ष एकाग्र होणं यात विशेष काही नाही. घाटात समोरून भरधाव ट्रक आला तरी ते होतं. माणूस घडतो तो उरलेल्या पंचावन्न मिनिटांत, असा आमचा मुद्दा आहे.

त्या पंचावन्न मिनिटांत काय चालतं, ते सांगण्याआधी शब्दाकडे वळू. आपण 'माइंडफुलनेस'चं मराठी 'सजगता' करतो. मूळ पाली शब्द आहे 'सति', संस्कृत 'स्मृति'. नवऱ्यामागे जाणाऱ्या सतीशी त्याचा काही संबंध नाही, हे तरुण मंडळींना सांगावं लागतं. १८८१ साली ऱ्हीस डेव्हिड्स या पालीच्या अभ्यासकाने त्याला इंग्रजीत 'माइंडफुलनेस' म्हटलं, आणि तो शब्द रूढ झाला. पण स्मृती म्हणजे आठवण. आता वर्तमान क्षणात राहण्याच्या साधनेला 'आठवण' असं नाव का असावं? इगतपुरीला दहा दिवस बसून आलेली मंडळी आपल्यात असतील, त्यांनी याचा विचार केला असेल. बुद्धघोषाच्या परंपरेत सतीचं लक्षण सांगितलंय: न तरंगणं. टीकाकार त्यावर भोपळ्याचा दाखला देतात. वाळका भोपळा पाण्यावर तरंगत राहतो, दगड आत जातो. सती दगडासारखी विषयात उतरते. ज्यांनी लहानपणी पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहणं शिकलं त्यांना हा दाखला वेगळा समजावून सांगायला नको. भोपळा आपल्याला बुडू देत नाही, आणि खालचा तळही कधी दाखवत नाही.

म्हणजे सजगता ही नुसती कोरी पाटी नव्हे. समोर जे आहे ते ओळखता यावं म्हणून आधी शिकलेलं ऐन वेळी हाताशी असणं, हा तिचा अर्धा भाग. 'सति'च्या जोडीला पालीत 'संपजञ्ञ' हा शब्द येतो, नीट जाणणं. आजच्या वर्गांमध्ये बहुतेक वेळा हा जोडीदार घरी ठेवून येतात. विचार सोडा, निवाडा सोडा, फक्त पाहा, एवढंच सांगतात. समुद्रात फक्त पाहणारा माणूस बुडू शकतो. ते कसं, ते नीट बघू, कारण हा मुद्दा नुसता पंडिती नाही.

समजा तुम्ही किनाऱ्यावर उभे आहात. डावीकडे लाटा फुटताहेत, पांढरा फेस. उजवीकडेही तेच. मध्ये मात्र वीस-तीस पावलांचा एक पट्टा असा, जिथे लाटा फुटत नाहीत, पाणी संथ दिसतं, जरा गडद. पोराबाळांना घेऊन आलेला माणूस कुठे उतरेल? त्या शांत पट्ट्यात. आणि तोच पट्टा मारक असतो. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी परत कुठून तरी जायला हवं. ते तळातल्या खोलगट वाटेने एकवटून समुद्राकडे परततं. त्याला रिप करंट म्हणतात. तिथे खोली जास्त, म्हणून लाट फुटत नाही, म्हणून ते संथ दिसतं. वेग कधी कधी सेकंदाला दोन मीटरच्या घरात जातो, आणि त्याच्याविरुद्ध पट्टीचा पोहणाराही टिकत नाही. आपल्या कोकणच्या आणि गोव्याच्या किनाऱ्यांवर दरवर्षी सहलीला आलेली माणसं बुडतात, त्यांतली कितीतरी जण वादळी पाण्यात उतरलेली नसतात. शांत दिसलं म्हणून उतरलेली असतात.

अशा प्रवाहात सापडलं तर किनाऱ्याच्या दिशेने झगडायचं नाही. तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची, आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत प्रवाहाच्या बाहेर पडायचं. हा पट्टा फार रुंद नसतो. हे घरी जाऊन मुलांना जरूर सांगा, बाकीचं व्याख्यान विसरलात तरी चालेल.

आता गंमत बघा. सर्फर तोच पट्टा शोधतो. फुटत्या लाटांमधून हात मारत जाण्यापेक्षा तो रिपमध्ये शिरतो आणि लिफ्टने वर जावं तसा आत जातो. पाणी तेच, प्रवाह तोच. एकाचा जीव जातो, दुसऱ्याचे हात वाचतात. दोघांत फरक मनःशांतीचा नाही. सहलीला आलेला माणूस कदाचित जास्तच प्रसन्न आणि शांत असेल. फरक आहे तो काय दिसतंय हे ओळखण्याचा. शांत दिसणं आणि सुरक्षित असणं या दोन गोष्टी वेगळ्या काढता येणं, याला आम्ही लक्ष म्हणतो. आणि मनाच्या बाबतीतही हे लागू आहे, पण तो विषय आज वाढवत नाही.

तर त्या पंचावन्न मिनिटांत फळीवर बसलेला माणूस क्षितिजाकडे बघत असतो. त्याला ठाऊक असतं की लाटा सुट्या येत नाहीत, पाच-सात मोठ्यांचा जथा येतो, मग बराच वेळ लहान लाटा, मग पुन्हा जथा. असं का होतं? किंचित वेगळ्या कालावधीचे लाटांचे ताफे एकमेकांत मिसळतात, कुठे भर पडते, कुठे वजाबाकी होते. खोल पाण्यात तर अजून एक विलक्षण प्रकार चालतो. जथा ज्या वेगाने पुढे जातो त्याच्या दुप्पट वेगाने त्यातली एकेक लाट धावते. म्हणजे लाट जथ्याच्या शेपटीला उगवते, आतून पुढे पुढे जाते, तोंडाशी येऊन विरते. जथा चालतच राहतो. लाट आणि पाणी एवढ्यावरच आपल्या दृष्टांतकारांनी समाधान मानलं. हे त्यांना कळलं असतं तर त्यांनी केवढा फड रंगवला असता!

या लाटा येतात कुठून? वॉल्टर मंक नावाच्या समुद्रशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धात सैन्य किनाऱ्यावर उतरवण्यासाठी लाटांचे अंदाज बांधायच्या पद्धतीवर काम केलं होतं. १९६३ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत मोजणीची ठाणी बसवली. दक्षिण गोलार्धातल्या वादळात जन्मलेल्या लाटा विषुववृत्त ओलांडून, अख्खा प्रशांत महासागर पार करून अलास्काला पोचतात, हे त्यांनी मोजून दाखवलं. हजारो किलोमीटरांच्या प्रवासात त्यांची शक्ती फार थोडी घटते. मग किनारा जवळ येतो, तळ वर येतो, लाटेचा पाय अडखळतो, माथा पुढे झुकतो. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की लाट फुटते. सर्फर जी पकडतो ती एवढा प्रवास केलेल्या लाटेची शेवटची काही सेकंदं असतात.

हे सगळं गणित पाण्यात बसलेल्या प्रत्येकाला येतं असं नाही. पण त्याच्या अंगात ते वेगळ्या रूपाने मुरलेलं असतं. हवाईच्या भाषेत सर्फिंगला 'हेए नालू' म्हणतात. 'हेए' म्हणजे घसरणं आणि 'नालू' म्हणजे लाट. पण त्याच 'नालू'चा दुसरा अर्थ कोशात दिला आहे: मनन करणं, विचारात घोळवणं. दोन अर्थांचा संबंध कसा जुळला यावर कल्पनेचे इमले बांधायचं कारण नाही. एवढं लक्षात ठेवू, की ज्या लोकांनी हा खेळ वाढवला, त्यांच्या जिभेवर लाट आणि मनन एकाच शब्दात होतं. तिथे सरदारांच्या फळ्या वेगळ्या, सामान्यांच्या वेगळ्या; झाड तोडण्याआधी मुळाशी मासा वाहण्याची चाल होती. १८२०मध्ये मिशनरी आले, त्यांना उघड्या अंगाचा हा खेळ रुचला नाही. पण खेळ ओसरला तो मुख्यतः बाहेरून आलेल्या रोगांनी माणसंच भराभर मेली म्हणून. विसाव्या शतकात कहानामोकूंसारख्यांनी तो पुन्हा उभा केला. आज जगभर शिबिरांत विकल्या जाणाऱ्या 'लाटेच्या ध्याना'मागे हा इतिहास आहे.

आता 'व्यक्तिमत्त्व विकास'. हे दोन शब्द ऐकले की आम्हाला शिकवणी वर्गांच्या पाट्या दिसू लागतात, पण शब्दाचा दोष नाही. समुद्र माणसाला आपोआप चांगलं करतो का? नाही. उत्तम लाटा असलेल्या किनाऱ्यांवर स्थानिक टोळकी बाहेरच्यांना दमदाटी करतात, टायर फोडतात, पाण्यात मारामाऱ्या होतात. 'ही लाट माझी' यावरून! हजारो किलोमीटरांवरून आलेल्या लाटेवर मालकी सांगणारा माणूस रोज सकाळी त्याच निसर्गाच्या कुशीत असतो. शिवाय त्याची फळी बहुधा पेट्रोलियमपासून बनवलेल्या फेसाची असते, आणि लाटेसाठी तो विमानाने अर्धी पृथ्वी पार करून आलेला असतो. निसर्गाच्या सान्निध्याने माणूस निसर्गप्रेमी होतो हे गृहीतक सोडलेलं बरं.

याच्या उलट एक उदाहरण आहे. इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावर १९९०मध्ये काही सर्फरांनी सांडपाण्याविरुद्ध एक संघटना काढली. नावातच सर्फर आणि सांडपाणी दोन्ही आहेत, 'सर्फर्स अगेन्स्ट स्युएज'. कारण अगदी साधं होतं. ते ज्या पाण्यात तासन् तास बसत होते त्यातच गावांचा मैला सोडला जात होता, आणि ते आजारी पडत होते. किनाऱ्यावरून सूर्यास्त बघणाऱ्याला हे कळलं नसतं, कारण लांबून तेच पाणी सोनेरी दिसत होतं. इथे आमच्या मते लक्षाचा खरा विस्तार झाला. माझी लाट, मग माझं पाणी, मग पाण्यात काय सोडलं जातं, कोण सोडतं, त्यासाठी कुठलं दार ठोठवावं लागेल. रम्य काही नाही त्यात. मैला आहे, अर्ज आहेत, सभा आहेत.

आणि आता ते स्पिनोझाचं प्रमेय. 'एथिक्स'च्या पाचव्या भागातलं एकोणिसावं. त्याचा आशय असा: जो देवावर प्रेम करतो, तो देवाने आपल्यावर उलट प्रेम करावं अशी धडपड करू शकत नाही. पहिल्यांदा वाचताना हे फार कोरडं वाटतं. आपल्या भक्तीच्या परंपरेत देव रुसतो, धावून येतो, दळण दळू लागतो. पण स्पिनोझाचा देव म्हणजे निसर्ग, आणि निसर्गाला राग-लोभ नाहीत. त्याने तुमच्यावर प्रेम करावं असं म्हणणं म्हणजे त्याने निसर्ग असणं सोडावं असं म्हणणं. मग प्रेम उरतं ते कसलं? समजण्यातून येणारं. एखादी गोष्ट तिच्या कारणांसकट कळत जाते तसा जो आनंद होतो, त्या आनंदाला तो प्रेम म्हणतो. ब्लेक यांचं समीकरण या प्रमेयासकट वाचलं तर ते भाबडं राहत नाही. निसर्ग बरोबर देव, हे म्हणणाऱ्याने मग निसर्गाकडून माया, सांत्वन, उपचार यांची थकबाकी मागायची नाही.

'समुद्र मला बरं करतो', 'समुद्र माझी परीक्षा घेतो', असं पुष्कळ सर्फर म्हणतात. बोलण्याची रीत म्हणून ठीक आहे. पण एडी आयकाऊ यांची गोष्ट ऐकल्यावर ती रीत जपून वापरावीशी वाटते. आयकाऊ हे हवाईचे. ओआहू बेटावरच्या वाइमिया या प्रचंड लाटांच्या किनाऱ्यावर ते १९६८पासून जीवरक्षक होते, शेकडो लोकांना त्यांनी बाहेर काढलं. १९७८च्या मार्चमध्ये जुन्या पॉलिनेशियन पद्धतीने बांधलेली 'होकुलेआ' ही जोडहोडी ताहितीकडे निघाली, त्यावर ते होते. पहिल्याच रात्री होडी उलटली. माणसं उलट्या होडीला धरून राहिली. दुसऱ्या दिवशी मदत आणायला म्हणून आयकाऊ आपल्या फळीवर पालथे पडून एकटे जमिनीच्या दिशेने निघाले. बाकीच्यांना त्याच रात्री वाचवण्यात आलं. आयकाऊ सापडले नाहीत. वय ३१. त्या पाण्याला त्यांच्याइतकं ओळखणारे आणि मानणारे फार थोडे असतील. समुद्राने त्यांना 'आपल्यात सामावून घेतलं' असं लिहितात, ते आम्हाला पटत नाही. समुद्राने काहीच केलं नाही. वारा होता, अंतर होतं, थंडावणारं शरीर होतं. जे केलं ते आयकाऊंनी केलं: पाणी काय करू शकतं हे पूर्ण ठाऊक असताना ते दुसऱ्यांसाठी त्यात उतरले.

आपल्याकडे नारळी पौर्णिमेला कोळी दर्याला नारळ वाहतात, शांत हो, आमची होडी सांभाळ म्हणून विनवतात. हे स्पिनोझाच्या विरुद्ध नाही का, असा प्रश्न येईल. तसं वरवर दिसतं. पण ही विनवणी कधी केली जाते ते बघा. श्रावणात, पावसाचा जोर उतरणीला लागतो तेव्हा. ज्येष्ठात कोणी नारळ वाहून 'आता शांत हो' म्हणत नाही! समुद्र केव्हा ऐकण्याच्या बेतात असतो हे पिढ्यान् पिढ्या बघून ठरलेलं आहे, त्या प्रार्थनेच्या आत पंचांग आहे. मागणं आणि जाणणं यांची सांगड अशीही घालता येते. त्यांना कोणी 'निसर्गप्रेमी' म्हटलं तर ते बहुधा हसतील.

शेवटी एक व्यावहारिक शंका उरते, कारण इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांना पोहता येत नाही, आणि आमच्या वयाच्या मंडळींनी फळीवर उभं राहायचा हट्ट धरू नये हेही खरं. त्यांनी काय करावं? मोजावं. हिवाळ्यात रत्नागिरीला किंवा गुहागरला जाणं झालं तर सकाळी लवकर किनाऱ्यावर बसा, घड्याळ हातात घ्या. एक लाट फुटली की मोजायला लागा, दुसरी फुटेपर्यंत किती सेकंदं जातात ते बघा. दहा-वीस लाटांची सरासरी काढा. पावसाळ्यात हे अंतर कमी भरतं, कारण नैर्ऋत्य वारा अरबी समुद्रावरच लाटा उठवत असतो. पण शांत हिवाळी सकाळी कधी कधी पंधरा सेकंदं भरतात. लाट बुटकी असते, लक्षातही येणार नाही अशी. तिच्यामागे जो वारा होता तो मात्र अरबी समुद्रावरचा नसतो. पंधरा सेकंदांच्या लाटांचा जथा दिवसाला सुमारे हजार किलोमीटर जातो, आणि तो येतो पार हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाकडून. म्हणजे साधारण आठवड्यापूर्वी तिथे वादळ झालं होतं. दुपारनंतर जाऊ नका. खारे वारे सुटले की चार-पाच सेकंदांच्या स्थानिक लाटा वर चढतात आणि ती लांबची लाट त्यांच्याखाली झाकली जाते. असते तिथेच, पण मोजणं फार अवघड जातं.